तीन नंबरच्या खांद्यावरची थाप

भूतप्रेत, करणी, उतारा यांतलं काहीही मी मानत नाही, हे आधी नीट वाचून घ्या. स्कूटर मी अमावस्येला घेतली... शोरूममध्ये गर्दी नव्हती म्हणून. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, तो वरचा फायदा. तेव्हा ‘वैशालीताई, तुम्ही मनाने हळव्या असाल’ असल्या कॉमेंट्स टाकायच्या असतील तर इथेच थांबा.

मी राहते विश्रांतवाडीला, नोकरी हडपसरला. इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका शेडमध्ये आमची छोटी कंपनी आहे. सैनिकांच्या सरावासाठी आम्ही सिम्युलेटर बनवतो. म्हणजे हॉल रिकामा, फरशीवर नुसत्या पांढऱ्या पट्ट्या. पण जवानाने डोळ्यांवर हेडसेट चढवला की त्याला समोर घर दिसतं, दार दिसतं, आत लपलेला शत्रू दिसतो. हातात खोटी बंदूक, कानात गोळीबार. माझं काम टेस्टिंगचं. चुका शोधणं हा माझा धंदाही आहे आणि स्वभावही, असं आमचे हे म्हणतात.

आमच्याकडे एक निवृत्त सुभेदार सल्लागार आहेत, मूळचे साताऱ्याकडचे. जवान घरात कसे शिरतात हे आम्हा कीबोर्डवाल्यांना त्यांनी शिकवलं. चौघं भिंतीला चिकटून एकामागे एक उभे राहतात. बोलायचं नाही, वळून बघायचं नाही. सगळ्यात मागचा, म्हणजे चार नंबर, तयार झाला की पुढच्याच्या खांद्यावर थाप मारतो. मग तीन दोनला, दोन एकला. एक नंबरला थाप पोचली की सगळे आत.

“थाप आली न्हाई तर जागचं हलायचं न्हाई,” सुभेदार प्रत्येक तुकडीला बजावायचे. “मग वर आभाळ कोसळंना का.”

तर तो बुधवार. दुपारचे सव्वातीन. लाईट गेली नव्हती, कुत्री रडत नव्हती, कँटीनमधून भज्यांचा वास येत होता. युनिटमधून चार जवान चाचणीला आले होते. चौघांनी हेडसेट चढवले, रांग लागली, आणि चार नंबरच्या हेडसेटची बॅटरी गेली. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, “जा, चहा घे” म्हटलं, आणि काचेमागच्या टेबलाशी येऊन बसले. बाकीच्या तिघांना सांगायचं राहून गेलं. ही चूक माझी. शंभर टक्के माझी.

शेजारी सुभेदार बसले होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्यात बिस्किट.

“ताई, तीन नंबरला सांगितलं का? चार नंबर न्हाई म्हून?”

“अगं बाई!” मी माईककडे हात नेला...

तेवढ्यात स्क्रीनवर तीन नंबरचा डावा खांदा खाली दबला. दत्ता त्याचं नाव. शर्टाला स्पष्ट घडी पडली. त्याने दोनला थाप दिली, दोनने एकला, आणि तिघं आत घुसले. मला वाटलं, पोराला आपलं आपणच कळलं असेल.

सराव संपला. दत्ताने हेडसेट काढला आणि मागे वळून ओरडला, “केवढ्यानं मारतोस रे! खांदा उतरला असता!”

मागे कोणीच नव्हतं. चार नंबर तेव्हा कुठे दारातून आत येत होता, हातात भज्यांचा कागद.

मी सगळं तपासलं. जवानांच्या जाकिटात ‘गोळी’ लागल्याचा झटका देणाऱ्या मोटरी असतात, पण त्या छातीला आणि पाठीला. खांद्याला काही नाहीच. कॅमेऱ्यात दबलेला खांदा दिसतो. त्याच्या मागचं सगळं खांबाआड.

ऑफिसात लगेच सुरू झालं... सुभेदारांचा कुणी शहीद मित्र असेल बघा! लोकांना अशा गोष्टीत एक शहीद लागतोच. मी सरळ सुभेदारांनाच विचारलं. म्हणाले, “छ्या, ताई. आमच्या सेक्शनमधले समदे जित्ते हायेत, पेन्शन खात्यात.” घ्या!

पण युनिटला लेखी कारण हवं होतं. आमचा मॅनेजर निखिल, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं.

“वैशाली, सिंपल आहे. सुभेदार आत गेले, सवयीने थाप मारली. एक ओळ लिही, मॅटर क्लोज.”

“ते माझ्या शेजारी बसले होते.”

“हे तुझ्याशिवाय कोणी पाहिलं?”

“म्हणजे मी खोटं बोलतेय?”

“अगं, पण ‘कारण माहीत नाही’ असं कुठली सॉफ्टवेअर कंपनी लिहिते का?”

“लिहीत नाहीत, म्हणून तर गिऱ्हाईक शिव्या घालतं.”

हे सुभेदारांच्या कानावर गेलं. चाचणीत बाहेरच्याने हात लावणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने परीक्षेत कॉपी पुरवणं. ज्या युनिटच्या पोरांना शिकवलं, त्याच युनिटच्या कागदावर हे त्यांच्या नावाने लागणार होतं. तरी मलाच म्हणाले, “लिवा माझं नाव, ताई. तुमची पोरगी बारावीला हाय. माझं काय, म्हातारा मानूस.” मला असा संताप आला... निखिलचा, त्यांचा, माझा स्वतःचाही. म्हटलं, “माझ्या नोकरीची काळजी माझी मी करते. तुम्ही चहा प्या.”

आणि रिपोर्ट लिहिला. जवानांना न सांगण्याची चूक माझी. थाप कोणी मारली ते माहीत नाही; सुभेदारांनी मारलेली नाही. खाली सही. निखिलला न दाखवता थेट युनिटला पाठवला. हो, थेट!

दोन आठवड्यांनी मेजर साहेब स्वतः आले. तेच जवान, तीच जागा, चार नंबर बाहेर. दत्ता भिंतीला चिकटून उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. थाप नाही. पाच वेळा करून पाहिलं, काही म्हणजे काही नाही. निखिलचा चेहरा असा खुलला! “पाहिलंत सर? माणसाने मारल्याशिवाय थाप येत नाही,” असं म्हणून त्याने सुभेदारांकडे बोट केलं. ते मान खाली घालून उभे. त्यांना वाचवायला गेले आणि मीच त्यांना तोंडघशी पाडलं, असं वाटलं.

मेजरांनी दत्ताला पुढे बोलावलं. “त्या दिवशीचा हात यांचा होता?”

दत्ताने विचारसुद्धा केला नाही. “नाही साहेब. यांच्या थापा सरावात इतक्या खाल्ल्यात, झोपेतही ओळखीन. ती यांची नव्हती.”

“मग कुणाची?”

“ते नाही माहीत, साहेब. पण मागं कुणी नसतं तर मी गेलो नसतो.”

सुभेदार काचेकडे तोंड करून चष्मा पुसत राहिले. बराच वेळ.

मेजरांनी माझ्या रिपोर्टखाली ‘मान्य’ असं लिहून सही केली. रिपोर्ट परस्पर पाठवल्याबद्दल कंपनीने मला लेखी समज दिली. देऊ देत. सुभेदार रोज नऊच्या ठोक्याला कामावर येतात, आणि मी पण.

तुम्हाला काही कारण सुचत असेल तर जरूर लिहा. स्नायूचा झटका म्हणा, दत्ताचा भास म्हणा, शर्टाचं काय ते पण सांगा. मी एकूण एक तपासून बघीन. माझ्याकडे आजही उत्तर नाही आणि ते कबूल करायची मला लाज नाही. फक्त, काहीच सापडलं नाही म्हणून सुभेदारांचं नाव घ्यायचं नाही. घेतलंत, तर गाठ माझ्याशी आहे.