मुकादमाचं गुपचूप ऑपरेशन

शिरूर कासारचा उत्तरेश्वर ऊसतोडीचा मुकादम. त्याच्या टोळीत वीस कोयते होते, म्हणजे नवरा-बायकोच्या वीस जोड्या. गाडीच्या मागच्या काचेवर त्यानं स्वतःचाच फोटो चिकटवला होता, गॉगलसकट. बायकोला विचारून काही ठरवणारा गडी दिसला की चारचौघांत त्याला ‘बाईल्या’ म्हणायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा.

या एवढ्या मर्दाचं अंथरुणात दोन मिनिटंही निभत नव्हतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पहिल्या दिवसापासून हेच. आता यात पाप काहीच नाही. कितीतरी पुरुषांना हे होतं, आणि बऱ्याच जणांना औषधानं, सरावानं उतार पडतो. उत्तरेश्वरचं पाप निराळं होतं. आपलं झालं की तो उठून बसायचा आणि बायकोवर खेकसायचा, "तुज्यातच दम न्हाई." मंगल भिंतीकडं तोंड करून पडायची.

मधे सव्विसाव्या वर्षी मंगलची गर्भपिशवी काढली. अंगावरून जास्त जातं म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली होती. ठेवली तर कॅन्सर होईल, असं डॉक्टर म्हणाला. उत्तरेश्वरनं त्याला एकच प्रश्न विचारला, "कामावर कवा येईल?"

स्वतःसाठी मात्र त्यानं काही बाकी ठेवलं नाही. रस्त्याकडंला तंबू ठोकून बसलेल्या वैदूचं तेल झालं, शिलाजीत झालं, सोनेरी कागदातल्या गोळ्या झाल्या. मग एक दिवस मोबाइलवर एक व्हिडिओ आला. टाय लावलेला डॉक्टर सांगत होता, शीघ्रपतनावर कायमचा इलाज, एकच छोटं ऑपरेशन, दुपारी घरी. उत्तरेश्वरनं घरी सांगितलं की कारखान्यावर मुकादमांची बैठक आहे, आणि एकटाच शहराला गेला.

त्या दवाखान्यात काचेच्या पेटीत मासे फिरत होते. डॉक्टरनं तपासायला घेतली जेमतेम पाच मिनिटं.

"कधीपासून आहे?"

"पयल्यापासून, साहेब."

"टोकाला जाणीव देणारी शीर फार नाजूक आहे. तिच्या दोन-तीन फांद्या कापल्या की जाणीव कमी होते आणि वेळ वाढतो. कापायचं नसेल तर इंजेक्शननं टोक जाड करता येतं, पण ते वर्षभरात विरतं. कापलं की कायमचं."

"काही तरास..."

"मर्द आहात ना?"

संपलं. वीस जोड्यांवर ओरडणारा माणूस त्या एका वाक्यापुढं नमला. इंग्रजीतल्या कागदावर काय लिहिलंय हेही न विचारता त्यानं सही ठोकली. दोन दिवस लॉजवर पडून राहिला आणि पाय फाकवत घरी आला. "गाडीत बसून बसून कंबर धरली," म्हणाला.

महिना-दीड महिन्यानं काय झालंय ते त्याला कळलं. हात लावला तर दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखं वाटायचं, आणि कपडा घासला तर सुई टोचल्यासारखी कळ यायची. लवकर होण्याची तक्रार मिटली होती, कारण आता काही होतच नव्हतं. डॉक्टर फोनवर म्हणाला, सहा महिने थांबा. सहा महिन्यांनी म्हणाला, हे तुमच्या मनाचे खेळ आहेत. त्यानंतर फोन उचलणंच बंद झालं.

उत्तरेश्वरनं पुन्हा मंगललाच धरलं. "तुज्याकडं बघून कुनाला इच्छा होईल?"

मंगल म्हणाली, "मग ते टाक्यांचे वण कसले? मी आंधळी हाय का?"

तो हात उगारून उठला आणि तसाच मटकन खाली बसला. मग सगळं सांगितलं. मंगल आधी हसली, हसू आवरेना इतकं हसली. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन बीडच्या सरकारी दवाखान्यात गेली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले. "कापण्याआधी गोळ्या दिल्या होत्या? टोक बधिर करणारा स्प्रे? थांबत थांबत करायचा सराव शिकवला होता? बायकोला बोलावलं होतं?"

"न्हाई." चारही वेळा तेवढंच.

"आम्ही सुरुवात यापासून करतो. कापलेली शीर मला पहिल्यासारखी करता येणार नाही. कळ कमी व्हायला गोळ्या देते. जाणीव किती परत येईल ते सांगू शकत नाही."

बाहेर आल्यावर मंगल बोलली. "तुमचं एवढंसं कापलं तर वरीसभर घर डोक्यावर घेतलं. माजी पिशवी काढली, तवा पंधरा दिसांत मोळ्या उचलाया लावल्या मला."

"हळू बोल, लोक ऐकत्यात," उत्तरेश्वर म्हणाला.

हंगाम लागला. टोळी कारखान्यावर जाऊन पालं ठोकून राहिली. एका सकाळी अंगद नावाचा नवं लग्न झालेला गडी मोबाइल घेऊन मुकादमाकडं आला. तोच व्हिडिओ, तोच टाय. "मुकादम, हे खरं आसंल का? दोन दिस सुट्टी द्या."

इथं एक शब्द बोलला असता तर उत्तरेश्वरचं थोडं तरी सोनं झालं असतं. तो म्हणाला, "बघ बे, तुजं तू. डाक्टर मोठा दिसतोय."

चुलीपुढं भाकरी थापणारी मंगल पिठाच्या हातानं उठली. "कावून गप बसता? सांगा की त्याला!" मग तीच बोलली, "अंगद, ह्या मानसानं तेच करून घेतलंय. आता काय बी ऱ्हायलं न्हाई. कापू नगंस. बीडच्या सरकारी दवाखान्यात जा, आन बायकूला, सुरेखाला, संगं ने."

उत्तरेश्वरनं हात उचलला. कोयते घेऊन निघालेल्या बाया जागीच उभ्या राहिल्या आणि त्याच्याकडं बघू लागल्या. एकीनंही मान खाली घातली नाही. त्यानं हात खाली घेतला, गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोंड दाखवलं नाही.

अंगद बायकोला घेऊन बीडला गेला. गोळ्या मिळाल्या, सराव समजावून दिला. दोनेक महिन्यांनी पाण्याच्या टाकीवर सुरेखानं मंगलला सांगितलं, "उतार हाय," आणि घागर भरायच्या निमित्तानं खाली वाकली.

पुढच्या हंगामाला मंगल गेली नाही. शिरूरलाच शेळ्या सांभाळत राहिली. उत्तरेश्वर बाकीच्या मुकादमांना सांगतो की बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय. कळ अजून येते. गोळ्यांची बाटली तो गाडीत सीटखाली ठेवतो, वरचं नाव ब्लेडनं खरवडून.