ग्लॅडिसबाईंचं विरजण

चेन्नईत पेरंबूरच्या रेल्वे वसाहतीत विद्युलताबाई सबनीसांना न ओळखणारा माणूस शोधूनच काढावा लागेल. पंचावन्नाव्या वर्षी पदर खोचून, छप्पन सालच्या लेडीज सायकलवरून भाजीला जाणारी बाई दुसरी होती कुठे? सायकल शेजारच्या ग्लॅडिसबाईंची. एकोणऐंशी साली त्या लेकाकडे ऑस्ट्रेलियाला कायमच्या गेल्या आणि सोलापूरहून नवीन आलेल्या या पोरीला दोन गोष्टी देऊन गेल्या. एक ही सायकल, दुसरी काचेची बरणी.

बरणीत आल्याच्या बिअरचं विरजण होतं. रोज सकाळी चमचाभर किसलेलं आलं, चमचाभर साखर घालायची. शुक्रवारी त्यातलं अर्धं काढून लिंबाच्या पाण्यात मिसळायचं, बाटल्या भरायच्या. आठवड्यात अशी फसफसते म्हणता, बूच थेट पंख्याला! चढते का? थोडी चढते, खोटं कशाला बोला. मकरंदराव, म्हणजे बाईंचे यजमान, दोन ग्लासांनंतर नाट्यगीतं म्हणतात.

दर पोंगलनंतरच्या रविवारी वसाहतीतल्या वेंकटच्या मंडळाची जुन्या सायकलींची रपेट निघायची आणि सगळे शेवटी बाईंच्या अंगणात ही बिअर प्यायला टेकायचे. बाईंचा दिवाळीपेक्षा मोठा सण तो.

आणि दोन हजार सहा साली चिकुनगुन्या आला. साचलेलं पाणी ओता, असा जिकडेतिकडे एकच घोष. मकरंदराव नियमाचे पक्के. बाई देवळात गेलेल्या बघून त्यांनी कुंड्यांखालच्या बश्या ओतल्या, कूलर ओतला आणि ओट्याच्या कोपऱ्यातली ती गढूळ बरणीही मोरीत ओतली. वर घासूनपुसून उपडी ठेवली! सत्तावीस वर्षांचं विरजण गेलं. बाई तीन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

आता ते विरजण जगात एकाच ठिकाणी असलं तर असणार होतं, एन्नोरला तुळसीकडे. तुळसी तंजावरकडच्या मराठी घरातली. ती पूर्वी इथे शेजारीच राहायची. बाईंनीच तिला विरजण दिलं होतं. पण अठ्ठ्याण्णवच्या रपेटीत ती चारचौघांत म्हणाली, "साखर फार घालतेस, विद्या. बिअर नव्हे, सरबत झालंय." झालं! नऊ वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"यंदा माझ्याकडे नको," बाईंनी वेंकटला एवढंच कळवलं. कारण सांगायची लाज वाटली.

"मग तुळसीअक्कांकडे जाऊ," म्हणून त्याने तिकडे फोनसुद्धा केला.

बाईंनी रात्रभर उत्तरं जुळवली. मागायचं कसं? नाही म्हणाली तर? विरजण मेलंच असलं तर? पण सकाळी पेडलवर पाय पडला आणि जीव हरखला. चौदा जुन्या सायकली, रॉड ब्रेकांचा खडखडाट, घंट्यांचा नुसता गोंगाट! तिरुवोत्तियूरला समुद्राचा वारा समोरून आला, कंटेनरचे ड्रायव्हर खिडकीतून ओरडून शाबासकी देऊ लागले. मागे मकरंदराव भाड्याच्या सायकलवर धापा टाकत होते. "चला, चला! ओतायला बरी ताकद होती!" बाई ओरडल्या.

तुळसी दारातच उभी होती. केस पार पांढरे झाले होते. "उळ्ळे वा," आत ये, एवढंच म्हणाली आणि सगळ्यांच्या हातात ग्लास दिले.

बाईंनी घोट घेतला. नाकात झिणझिण्या, घशात आल्याचा चटका आणि मागून ती ओळखीची आंबूस चव. ग्लॅडिसबाईंचीच! बाईंचे डोळे भरून आले.

"साखर कशी आहे?" तुळसीने सगळ्यांदेखत विचारलं.

बाईंनी उरलेला ग्लास एका दमात रिकामा केला.

"बरोब्बर आहे. माझी जास्तच व्हायची," त्या म्हणाल्या. "आणि तुळसी, माझं विरजण गेलं गं."

तुळसी आत गेली आणि दोन बरण्या घेऊन आली. एकीच्या गळ्याला निळी फीत बांधली होती.

"ही तुझी. भांडलो त्याच्या पुढच्या शुक्रवारी, समेटाला म्हणून तुला द्यायला अर्धं काढून ठेवलेलं. तू आलीसच नाही. टाकवेना. रोज दोघींना घालते, एक चमचा हिला, एक चमचा तुला."

"नऊ वर्षं?"

"मग? उपाशी ठेवू?"

बाई हसता हसता रडल्या, तुळसीच्या गळ्यात पडल्या. चौदाच्या चौदा घंट्या वाजल्या. मकरंदरावांनी पुढे होऊन निळ्या फितीच्या बरणीकडे अदबीने हात केला, तशी बाईंनी ती झटकन पोटाशी धरली.

"एक रिकामी बाटली दे," त्या तुळसीला म्हणाल्या. "अर्धंच नेते. अर्धं तुझ्याकडेच राहू दे. आमच्या घरात हे आहेत."