खराट्याच्या काडीचं माप

“वहिनी, पोरीचा पाय पाह्यला का तुमी? दिवसेंदिवस पसरूनच राह्यला.”

आत्या स्वयंपाकघरात आईशी बोलत होती. मी मागच्या पडवीत मिठाच्या गरम पाण्यात उजवा पाय सोडून बसले होते. मधलं दार अर्धं उघडं होतं.

“हळू बोला, आयकंल ते.”

“आयको ना. उद्या पाहुणे आले अन् म्हनले, चाल बाई जराशी, तं मांडणीवरची भांडी खाली येतील. बूट घट्टच घ्या तिले. घट्ट बुटात पाय बेतात राह्यते.”

दोघी हसल्या. आई जरा दबून, आत्या मोकळेपणाने.

आत्या खैरलांजीकडची. धान घरात आलं की दरवर्षी काही दिवस भावाकडे बालाघाटला राहायला यायची. तिने जन्मात कधी बूट घातला नव्हता. तिची पावलं पुढे चांगली रुंद होती, बोटं एकमेकांपासून सुटी, टाचा भेगाळलेल्या. तिच्या गावी रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या दिवसांत बांधावरून डोक्यावर ओझं घेऊन चालताना ती कधी घसरली नाही, हे मी स्वतः पाहिलं होतं. घरातले सगळ्यांत चांगले पाय तिचेच होते. तरी माझे पाय लहान दिसावेत असं तिला वाटत होतं, आणि ते मायेनेच. मला राग आला तो त्या मायेचाच. मी पाण्यातून पाय काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं.

त्या शनिवारी शाळेत निवड होती. आमच्या इंग्रजी शाळेतून आठशे मीटरसाठी एकच मुलगी जबलपूरला विभागीय स्पर्धेला जाणार होती. ती मी असणार असं सगळे धरून चालले होते. मग हा अंगठा सुजला आणि खेळाच्या बाई माझ्याकडे पाहण्याऐवजी माझ्या पायाकडे पाहायला लागल्या.

अंगठा का सुजला ते मला माहीत होतं. आमच्याकडे पायाचं माप काडीने घेत. कागदावर पाय ठेवायचा नाही, हा घरचा नियम. कोरा असो, वर्तमानपत्राचा असो, की किराण्याच्या पुडीचा असो, कागद म्हणजे विद्या. चुकून पाय लागला तर वाकून हात लावायचा आणि कपाळाला टेकवायचा. त्यामुळे कागदावर उभं राहून पावलाभोवती पेन्सिल फिरवण्याचा प्रश्नच नव्हता. आई मला पाटावर बसवायची, पाय पुढे करायला लावायची, खराट्याची एक लांब काडी टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची आणि नखाने खटकन मोडायची. ती काडी बाबांच्या खिशात पेनाशेजारी जायची. ऑफिसातून परतताना बाबा बाजारात थांबत, काडी बुटात घालून बघत आणि जोडी घरी आणत. आईच्या चपलाही अशाच यायच्या. बुटांच्या दुकानात परका माणूस पाय हातात धरतो, म्हणून आमच्या घरच्या बायका तिथे जात नसत.

काडीला लांबी तेवढी समजते. रुंदी समजत नाही. बसलेला पाय आणि अंगाचा भार घेऊन उभा राहिलेला पाय वेगळा असतो, हेही तिला कळत नाही. दरवर्षी माझे बूट काडीच्या हिशेबाने बरोबर असत आणि दरवर्षी करंगळी चेपत. “नवे हायेत, होतील सैल,” असं सगळे म्हणत. ते सैल होईपर्यंत फाटलेले असत.

मी हे कधी बोलले नाही. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, घरात आमची ही मराठी, आणि मी तिन्ही भाषांत गप्प. गप्प बसणाऱ्या माणसाला दिसतं मात्र पुष्कळ. रविवारी बाबांचे बूट पुसायचं काम माझ्याकडे होतं, आणि त्या बुटांचे तळ मला पाठ झाले होते.

बाबा जंगल खात्यात होते. उकव्याच्या जंगलात दौऱ्यावर जाताना ते घोट्यापर्यंतचे जाड चामड्याचे बूट घालत. त्यांची टाच मागच्या बाजूने झिजलेली असे, कारण चढउतारावर भार टाचेवर येतो. ऑफिसचे काळे बूट जवळजवळ झिजतच नसत. क्लबात संध्याकाळी बॅडमिंटन खेळायला पांढरे कॅनव्हासचे. ते अंगठ्याच्या आतल्या कडेला घासून पातळ झालेले, कारण त्या खेळात माणूस सारखा आडवा सरकतो आणि एकदम थांबतो. एकदा दौऱ्याहून थेट क्लबात जायची वेळ आली तेव्हा बाबा मुद्दाम घरी येऊन बूट बदलून गेले होते. आईने विचारलं तर म्हणाले, “जंगलाच्या बुटानं कोर्टावर खेळलो तं पाय मुरगळंल ना.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. प्रत्येक कामाला पाय वेगळा पडतो हे माझ्या वडिलांना पक्कं ठाऊक होतं. फक्त मुलीच्या पायाबद्दल त्यांनी तसा विचार केला नव्हता.

माझी कॅनव्हासची एकच जोडी कवायतीला, थ्रोबॉलला, दोरीच्या उड्यांना आणि धावण्याला. कवायतीत पाय जागच्या जागी. तिथे काहीही चालतं. दोरीच्या उड्यांत सगळा मार चवड्यावर, आणि माझ्या बुटांचा तळ इतका पातळ की जमिनीचा खडान् खडा कळायचा. थ्रोबॉलमध्ये बाजूला उडी घेतली की पाय बुटाच्या काठावर चढायचा. धावताना प्रत्येक पावलाला अंगठा पुढे आपटायचा. मला तळाला जाड, पुढे रुंद आणि टाचेला घट्ट असा बूट हवा होता. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. रोज रात्री मोजे काढताना कुठे लाल झालंय ते मी बघत असे, एवढंच.

गुरुवारी सकाळी मी मैदानावर बूट काढून ठेवले आणि अनवाणी धावले. पहिली फेरी अशी गेली की मला हसू येत होतं. मग मुरूम टोचायला लागला, आणि शेवटी मी पुन्हा लंगडत होते, या खेपेला दोन्ही पायांनी.

बाई काठावर उभ्या होत्या. त्या फार रागावल्या नाहीत, हेच वाईट होतं. “जबलपूरच्या ट्रॅकवर जळक्या कोळशाची खडी असते,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “अनवाणी मी तुला उतरू देणार नाही. शनिवारी लंगडलीस तर तुझ्या मागे येणारीला नेईन.”

मी “येस मिस” म्हटलं. मला एवढंच म्हणता यायचं.

संध्याकाळी बाबा माझे नवे बूट आणायला बाजारात निघाले. आईने पाट मांडला आणि खराट्यातून काडी उपसली. मी पाय पुढे केला नाही. आत गेले, धावताना घालते ते जाड मोजे चढवले, जुने बूट कसेबसे ओढले आणि बाबांच्या सायकलपाशी जाऊन उभी राहिले. मुद्दाम संध्याकाळी, कारण दिवसभर वापरलेला पाय सकाळपेक्षा फुगलेला असतो आणि मला तोच पाय दुकानात न्यायचा होता.

“तू कुठं?” बाबांनी विचारलं.

मी सायकलचं कॅरिअर धरलं.

“काहून? काडीनं होते ना दरवर्षी.”

आई दारात काडी घेऊन उभी. मग आत्याच आतून ओरडली, “ने ना दादा तिले! तिचा पाय आता तुया खिशात मावत नाही.”

बाबांना हसू आलं. हसू आल्यावर त्यांना नाही म्हणता येत नसे. “बस मांगं,” ते म्हणाले.

दुकानदार बाबांना चांगला ओळखत होता. “आइए साहब, काड़ी लाए?” म्हणाला, आणि मागे मला पाहून, “अरे, आज तो बेबी खुद आई है! बैठो बेबी, बैठो.” बाकावर दोन माणसं आधीच बसली होती. ती सरकली, पण उठली नाहीत. दुकानदाराने मुलींची पांढरी जोडी काढली आणि माझा पाय धरायला हात पुढे केला. मी तो मागे घेतला आणि बूट स्वतःच घातला. बसल्या बसल्या तो बरोबर होत होता.

“झालं,” बाबा म्हणाले. “बांधा.”

मी उभी राहिले. अंगठा पुढे टेकला, करंगळी चेपली. मी एक पाऊल टाकलं तशी टाच वर सरकली.

“टाइट है क्या? लेडीज़ में ऐसा ही आता है बेबी,” दुकानदार म्हणाला. “पाँव छोटा दिखता है.”

बाकावरचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, “लड़की को कौन सा ओलंपिक जाना है.” दुसरा फिसकन हसला.

बाबा रस्त्याकडे बघायला लागले. त्यांना तिथून लवकर निघायचं होतं, हे त्यांच्या मानेवरूनच कळत होतं. वरच्या फळीवर तपकिरी कॅनव्हासचे बूट ओळीने ठेवले होते. कॉलेजची मुलं परेडला घालतात ते. तळ जाड रबराचा, पुढे रुंद, नाडी थेट वरपर्यंत. मी बाकावर बसून पांढरे बूट काढून ठेवले. दुकानदाराने ते खोक्यात घातले आणि सुतळी तोडली.

शनिवारपर्यंत एकच दिवस उरला होता. मी मोज्यांवरच उठून उभी राहिले आणि खोक्यावर हात ठेवला.

“बांधू नका,” मी म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला, पण तो कमी केला नाही. “बाबा, हे बसल्यावर बरोबर होते, उभं राह्यलं का चावते. मले वरचे ते पोरांचे पाह्यजे. ते घालून मी चौकापर्यंत धावून येतो. अंगठा लागला नाही अन् टाच निंघली नाही, तवाच घेऊ. अन् ज्याले हसाचं हाय, त्यानं बाहेर येऊन हसाव.”