मागच्या रुळाची अडकण

मी वडगावच्या विणकराची मुलगी. घट्ट ताणलेला धागा तोच चांगला धागा, हे मला मुळाक्षरांच्या आधी कळलं होतं. बेळगावात पीएच.डी. करताना नेमकं हेच शहाणपण माझ्या मुळावर आलं.

माझा विषय होता, पेशी सरकतात कशा. पेशीत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक धागे असतात. मण्याला मणी जोडत धागा वाढतो आणि पेशीची कड पुढे ढकलतो. जखम भरायला पेशी सरकतात त्या अशाच. मी बशीत पेशींचा थर वाढवायची, मधोमध ओरखडा काढायची आणि तो बुजायची वाट बघायची. लवकर बुजावा म्हणून मी धागे पक्के करणारं औषध घातलं, तर पेशी जागच्या हलेनात. मग मी काय करावं? औषध वाढवलं! असली चूक विणकराच्या पोरीलाच सुचणार.

तिसऱ्यांदा तेच झाल्यावर माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "सोमवारपर्यंत कारण शोधून आण, नाहीतर विषय बदल." कारण त्यांना ठाऊक असणारच, पण ते मीच शोधावं हा त्यांचा हट्ट. दोन वर्षांचं काम पाण्यात जाणार म्हणून मला रडू कोसळलं.

रविवारी घरी गेले. आई मागावर साडी विणत होती. तिला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिनं उभ्या धाग्यांचा ताणा गुंडाळलेल्या मागच्या रुळाची अडकण काढली, ताणा वीतभर सोडला आणि विणलेलं कापड पुढच्या रुळावर गुंडाळून घेतलं.

"नुसतं आवळून धरलंस तर फुडं सरकंल कसं गं? मागनं सोडाय नको व्हय?"

मी बघतच राहिले. अ‍ॅक्टिनचंही तेच. मागच्या टोकाचे मणी सुटतात, तेच पुढे जोडायला मिळतात. औषधानं मी ते सुटणंच बंद केलं होतं. पुस्तकात हे दहादा वाचलेलं, पण काखेत कळसा नि गावाला वळसा.

सोमवारी कारण सांगितलं. सरांचा चेहरा खुलला. विषय राहिला.

"कुणाला विचारलंस?" त्यांनी हसत विचारलं.

लॅबमध्ये तोवर मी 'घरी टेक्सटाइलचा व्यवसाय आहे' एवढंच सांगत आले होते.

"आईला," मी म्हणाले. "ती हातमागावर साड्या विणते, सर."

लॅबमधले सगळे वळून बघायला लागले. मला फार बरं वाटलं, आणि हे सांगायला दोन वर्षं लावली याची लाजही वाटली.