गनमेटलचे बुश

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एकदा लेथपुढं उभं केलं की तहानभूक लागत नाही, असं आमच्या मंगळवार पेठेत सगळे म्हणायचे. उद्यमनगरात त्यांचं दोन लेथचं शेड होतं. शेतातल्या इंजिनांना लागणारे गनमेटलचे बुश ते करायचे. बुश म्हणजे दांडा ज्यात बसतो आणि फिरतो ती धातूची आखूड नळी. आपला बुश दांड्यावर चढवला की मधून केससुद्धा जात नाही, हे ते इतक्या वेळा सांगायचे की आई शेवटी हात जोडायची.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आईचा कॅन्सर तिच्या मणक्यात उतरला. मिरजेच्या दवाखान्यात पाच आठवडे रोज किरणांचे शेक द्यायचे ठरले. त्यानं आजार जाणार नाही, दुखणं तेवढं कमी होईल, असं डॉक्टरांनी अण्णांना आणि मला बाजूला घेऊन सांगितलं. अण्णांनी त्यातलं शेवटचंच तेवढं ऐकलं. "यस्टीत न्हाय न्यायची तिला," ते घरी येऊन म्हणाले. "दणकं बसत्यात. आपली गाडी हाय की."

आपली गाडी माझ्या जन्माआधीची होती. एका वयस्कर डॉक्टरांकडून अण्णांनी ती हौसेनं घेतली होती आणि वर्षातून दोनदा जोतिबाला जाण्यापलीकडं ती फारशी हलत नसे. तिचं स्टेअरिंग निम्मं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसायचा, आणि सरळ रस्त्यावर ती आपली आपण डावीकडं निघायची. अण्णांनी खाली सरकून पाहिलं. स्टेअरिंगच्या दांड्यांचे, चाकं धरणाऱ्या पुढच्या आर्मचे आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे असे सगळे रबरी बुश झिजून भुसा झाले होते. गावातल्या दुकानांत त्या मापाचे मिळाले नाहीत. दुसरा कुणी असता तर त्यानं भाड्याची गाडी केली असती. अण्णांनी गनमेटलचा गज आणला.

सहा दिवस ते शेडात होते. गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून त्यांनी रबराच्या जागी एकेक धातूचा बुश लेथवर कातला, ग्रीस जायला भोक पाडलं, प्रेसवर दाबून बसवला. गाडी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा नव्या नवरदेवासारखा झाला होता. "बोट लावलं तरी वळतीया," ते आईला म्हणाले. "आता हूं का चूं करायची न्हाय."

पहिल्या दिवशी मी मागं बसले, आईचं डोकं मांडीवर घेऊन. शिरोलीच्या अलीकडंच मला कळलं. रस्त्यातला खडा न् खडा थेट सीटमध्ये येत होता. खड्डा आला की आईचं अंग आवळून यायचं, तिची बोटं माझ्या मनगटात रुतायची आणि तोंडातून आवाज येऊ नये म्हणून ती पदर दातांखाली धरायची. पुढून अण्णांनी आरशात न बघता विचारलं, "कशी चाललीया?"

"झ्याक चाललीया की," आई म्हणाली.

मिरजेत उतरल्यावर ती माझ्या कानाशी आली. "ह्यास्नी काय बोलू नगस. सा दिस राबल्यात."

मी बोलले नाही. आज ह्याचा मला स्वतःचाच संताप येतो. एकवीस वर्षांची घोडी होते, कॉलेजात वादविवादाला उभी राहायचे, आणि तिथं माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आईचं ऐकावं तर आईलाच दुखतंय, अण्णांना सांगावं तर त्यांच्या हातात तिच्यासाठी करण्यासारखं तेवढं एकच उरलेलं. रोज सकाळी मी ठरवायचे, आज सांगायचं. रोज संध्याकाळी माझ्या मनगटावर नवे वळ असायचे. असे तीन आठवडे गेले.

चौथ्या आठवड्यात लेथवरचा धातूचा धारदार कीस लागून अण्णांचा तळवा फाटला, टाके पडले. मला लायसन्स मिळून जेमतेम वर्ष झालं होतं, पण इलाज नव्हता. मी स्टेअरिंगवर बसले आणि अण्णा मागं, आईचं डोकं मांडीवर घेऊन.

हातकणंगल्याच्या आधी रस्ता खोदला होता. मी अगदी हळू नेत होते, तरी दणके चुकेनात. तिसऱ्या की चौथ्या दणक्याला मागून अण्णा म्हणाले, "थांबीव."

मी गाडी कडेला घेतली. आईनं त्यांचा पट्टी बांधलेला हात घट्ट धरला होता. पट्टीवर रक्त आलं होतं, आणि हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं. अण्णा तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं. "रोज आसंच?" त्यांनी विचारलं. मी मानेनंच हो म्हटलं. मला वाटलं की त्यांनी मला एक सणसणीत ठेवून द्यावी.

त्याच संध्याकाळी ते गाड्यांच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेले. मी बरोबर होते. मिस्त्री वाकून खाली बघून आला आणि हसायलाच लागला. "काम येक नंबर हाय, पावणं. पर रबर दणका खातंय. तुमच्या गनमेटलनं खाल्ला न्हाय तर कुणी खायाचा? मागं बसल्यालानं?" मागं कोण बसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. अण्णांनी मान खाली घातली.

मिस्त्रीनं जुन्या सामानातून रबरी बुश जमवले आणि शेवटचा आठवडा लागता लागता बसवायला घेतले. नट मात्र लगेच आवळू देईना. "गाडी जॅकवर लोंबकळत आसताना आवळलं तर रबर पिळवटतंय. चाकं भुईवर टेकवा, रोज बसतंय तेवढं वजन मागं ठेवा, मग आवळू."

अण्णांनी घरातून ज्वारीचं पन्नास किलोचं पोतं आणलं, मागच्या सीटवर ठेवलं आणि थबकले. "दवाखान्याच्या कार्डावर काल वजन किती लिवलंय?" त्यांनी मला विचारलं.

"अडतीस."

मिस्त्री म्हणाला, एवढं काटेकोर नको, दहा-बारा किलोनं काही बिघडत नाही. अण्णांनी ऐकलं नाही. शेजारच्या दुकानातून त्यांनी वजनकाटा मागून आणला, पोतं खाली घेतलं, शिवण उसवली आणि डाव्या हातानं मापट्यानं ज्वारी काढायला लागले. काढायचे, काट्याकडं बघायचे, पुन्हा काढायचे. काटा अडतीसवर आला तेव्हा पोत्याचं तोंड मिटून पडलं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी, टाक्यांची पर्वा न करता, उचललं आणि सीटवर आई जशी टेकते तसं टेकवून ठेवलं, आणि रोजच्यासारखे स्वतः शेजारी बसले. मिस्त्री आता हसत नव्हता. तो खाली गेला आणि नट आवळायला लागला.

दुसऱ्या दिवशी मीच गाडी चालवली. अंकलीच्या पुलावर मी आरशात पाहिलं तर आई झोपली होती. घरीसुद्धा ती अशी झोपत नव्हती. दवाखान्यासमोर गाडी थांबली तरी ती बारीक घोरतच होती. आतून आमचं नाव पुकारलं. मी मागं वळले. अण्णा तिच्या डोक्याखालचा हात हलू न देता बसले होते.

"अण्णा, नंबर आला."

"आज न्हाय म्हणून सांग जा."

"शेक बुडंल."

"बुडू दे," ते म्हणाले. "निजलीया ती."

मी आत गेले आणि आज आई येऊ शकत नाही, असं सांगितलं.