नाकवाल्या साहेबांचे चार थेंब

आमच्या साहेबांचं नाक म्हणजे नाक होतं! डोळे मिटून लाकडाची ढलपी हुंगायचे आणि साग, बिजा की ऐन, ते बिनचूक सांगायचे. चांदा अजून मध्यप्रदेशात होता, तेव्हाची गोष्ट. पोंभुर्ण्याकडच्या जंगल बंगल्यावर मी खानसामा होतो. आम्ही त्यांना 'नाकवाले साहेब' म्हणायचो, अर्थात पाठीमागे.

स्कॉच कशी द्यायची, हे त्यांनीच मला शिकवलं. आधी नुसतीच हुंगायला दिली. नाकाला चटकाच बसला. मग त्यांनी चमच्याने चार थेंब पाणी सोडलं. "आता बघ." आणि काय सांगू, मधासारखा, धुरासारखा वास वर आला! "कडक दारू वास दाबून धरते. जरासं पाणी पडलं की सोडते. पण चार म्हणजे चारच. जास्त घातलंस तर चूळ भरायच्या लायकीची होते."

मी म्हटलं, "आमच्या पहिल्या धारेच्या मोहाचंबी असंच हाये जी. पाण्याबिगर फूल बोलत नाई." साहेबांनी हसून पाठीवर थाप मारली. त्या एका थापेवर मी वेडा दोन वर्षं जीव टाकून राबलो.

एकदा नागपूरचे मोठे साहेब यायचे होते. त्यांच्यासाठी आणलेली बाटली आमच्या साहेबांनी आदल्या दुपारी लाकडाच्या ठेकेदारासोबत अर्धी केली. संध्याकाळी पाहतो तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली, आणि माठाखाली ओल. म्हटलं, बाटली त्यांची, पाणी त्यांचं, आपल्याला काय करायचंय?

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी मी पेले भरले आणि रोजच्यासारखे चार-चार थेंब सोडले. मोठ्या साहेबांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. "ही स्कॉच आहे की पाणी?"

आमच्या साहेबांनी पेला नाकाशी नेला. काय झालंय ते त्यांना कळलं, आणि कळलेलं मला दिसलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पाणी किती घातलंस रे?"

"चार थेंब, साहेब. तुमीच सांगतलं होतं ना जी."

"बघा, घातल्याचं कबूल तरी करतोय," ते मोठ्या साहेबांना म्हणाले. "बाकीची कुणाच्या पोटात गेली, ते वेगळं विचारायला नको."

ज्याच्यावर देवासारखा विश्वास टाकला, त्याने केसाने गळा कापला! दिवस मावळायच्या आत नोकरी गेली, चंबूगबाळं घेऊन मी गावी आलो.

बायको चिडली. "बोलले काऊन नाई? बाटलीत पाणी त्यायनंच भरलं म्हणाचं होतं!"

"कोणाले सांगू?" मी म्हटलं. "चार थेंबाचं पाणी अन् अर्ध्या बाटलीचं पाणी, वासावरून वळखणारा तिथी एकच माणूस होता."