धुऊन दिलेला गालिचा

हॉलमधला गालिचा काढायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यात आधी रुसले ते माझे सासरे. मी त्यांना बाबा म्हणते. त्यांचं रुसणं साधं नसतं. ते जेवतात, औषधं घेतात, पेपर वाचतात, फक्त ज्याच्यावर रुसले असतील त्याला 'तुम्ही' म्हणायला लागतात. त्या दिवशी मला म्हणाले, "तुम्ही ठरवलंच आहे, तर मले काहून विचारून राहिल्या?"

नागपुरात उन्हाळ्यात माणसं फरशीवर पाणी शिंपडून उघड्या अंगाने आडवी होतात. अशा गावात कुणी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालतं का? आमच्या बाबांनी घातला. सरकारी कचेरीत ते कारकून होते आणि साहेबांच्या केबिनमध्ये तसा गालिचा होता. आत जाताना कारकुनांनी चपला दाराशी काढायच्या आणि साहेबांनी मात्र बुटासकट फिरायचं. बाबांनी स्वतःचं घर बांधलं तेव्हा स्लॅब पडायच्या आधीच गालिच्याचं नक्की करून ठेवलं होतं. गांधीबागेच्या बाजारातून स्वतः निवडून आणला, मरून रंगाचा, आणि खाली चांगला जाड फोम. बसवणाऱ्या माणसाच्या मागे मागे गुडघ्यांवर रांगत हात फिरवून पाहिलं म्हणे, कुठे फुगा तर राहिला नाही ना. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्यांनी मला सगळ्यात आधी देवघर नाही, गालिचा दाखवला होता. "चप्पल घालूनच ये," म्हणाले. "आपलाच आहे."

माझं आणि त्या गालिच्याचं कधी पटलं नाही. कूलर सुरू झाला की दमट हवा त्यात मुरायची आणि मे महिनाभर हॉलला भिजलेल्या बकरीचा वास यायचा. सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, त्याला आयुष्यभर झाडूने झोडपलं, पण त्याच्याविरुद्ध एक शब्द कुणाचा ऐकून घेतला नाही.

मागच्या दिवाळीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. तोंड लवकर सुरू झालं, हातही बराचसा परत आला, पाय मात्र मागे राहिला. चालताना ते डावं पाऊल उचलायचे नाहीत, ओढायचे. एका दुपारी टीव्हीसमोर गालिच्याच्या जोडात त्यांचा अंगठा अडकला आणि ते आडवे झाले. हाड मोडलं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांनी हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. पलंगापासून बाथरूमपर्यंत, तेही आईंच्या खांद्यावर भार टाकून, एवढंच त्यांचं चालणं उरलं. ज्या माणसाला शेजारी रोज सकाळी फाटकाशी उभं राहून पेपरवाल्याशी वाद घालताना बघत होते, तो माणूस खिडकीतून पेपरवाल्याचा आवाज ऐकायला लागला. मला ते बघवत नव्हतं.

व्यायाम शिकवायला घरी येणाऱ्या मुलीने जाताना मला फाटकाशी थांबवलं. "ताकद आहे पायात," ती म्हणाली. "भीती आहे ना, ती जात नाही. हा उन्हाळा असेच बसून राहिले, तर पुढे उभं करणं खूप कठीण जाईल." आणि मग म्हणाली, आधी तो गालिचा काढा.

म्हणून खरबरीत टाइल्स आणल्या आणि फरशीचा मिस्त्री ठरवला. माझा नवरा आठवडाभर चंद्रपूरला कामावर असतो, त्यामुळे घरचा कारभार आम्हा दोघी सासू-सुनेचा. बाबांनी शेवटी परवानगी दिली, पण एक अट घातली. "फेकाचं नाही. कोणाच्या तरी कामी आलं पाहिजे."

गालिचा निघाला सहज. मिस्त्रीच्या माणसांनी जोड उसवले आणि त्याचे रुंद पट्टे झाले. फोमने मात्र जीव काढला. वरच्या बाजूने तो अजून धडधाकट होता, पण खालून जागोजागी डिंकाने धरून ठेवलेला. ओढला की अर्धा हातात आणि अर्ध्याचा पिवळा भुगा फरशीवर. आई स्वयंपाकघरातलं उलथणं घेऊन खरडायला बसल्या. मी म्हटलं, आई, त्याच उलथण्याने उद्या धिरडी करणार का? तर म्हणाल्या, "घासल्यावर सगळं सारखंच असते वं." दुपारपर्यंत हॉल मोकळा झाला. खाली जुनी सिमेंटची जमीन निघाली, डिंकाच्या डागांनी भरलेली, करकरीत कोरडी. सगळा माल त्या माणसांनी गच्चीवर नेऊन टाकला आणि ते गेले.

आता तो माल द्यायचा कुणाला? दुसऱ्या सकाळी कचऱ्याच्या गाडीवाल्याने वर न बघताच मान हलवली. एवढं मोठं घेत नाही म्हणाला, तुकडे करा, थोडं थोडं टाका. भंगारवाल्याला हाक मारली. त्याने गच्चीवर येऊन गालिचा बोटाने दाबला, फोमचा वास घेतला आणि अगदी सहानुभूतीने म्हणाला, "मॅडम, इसमें लोहा नहीं, कागज नहीं, प्लास्टिक भी ढंग का नहीं. मैं इसका करूंगा क्या?" मी म्हटलं, फुकट घेऊन जा बाबा. तर तो म्हणाला, "फुकट ही तो नहीं चाहिए." आणि जाताना आमचा जुना कूलर द्यायचा आहे का, ते मात्र विचारून गेला.

मार्ग काढला आईंनीच. नरखेड तालुक्यात त्यांचं माहेर आहे. त्यांचा भाचा मोसंबी घेऊन पिकअप नागपूरच्या बाजारात आणतो आणि रिकामी परत नेतो. गावातल्या भजनी मंडळाला बसायला सतरंज्या पुरत नव्हत्या. आईंनी फोन लावला आणि पाच मिनिटांत मरून गालिच्याला नवं घर मिळालं. वर फोमसुद्धा तिकडेच, म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्याखाली घ्यायला. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांची कळी खुलली. मला पुन्हा 'तू' म्हणाले. पिकअप त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होती. मी निर्धास्त होऊन ऑफिसला गेले, आणि तिथेच चुकलं.

आमच्या आईंचा एक नेम आहे. दुसऱ्याला द्यायची वस्तू मळकी द्यायची नाही. जुनी साडी द्यायची तर धुऊन, घडी करून. डबा परत द्यायचा तर घासून, आणि रिकामा तर नाहीच. ही शिकवण त्यांच्या आईची, आणि माझ्याही माहेरी होती, त्यामुळे मला त्यात कधी वावगं वाटलं नाही. पण हॉलभर गालिचा आणि त्याखालचा फोम कुणी धुवायला घेईल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

संध्याकाळी मी फाटक उघडलं तर गच्चीच्या पाइपातून पिवळं पाणी धो धो पडत होतं. शेजारच्या काकांच्या स्कूटरवर. वर धावले. आई साडी खोचून, हातात ब्रश घेऊन, धुण्याच्या साबणाच्या फेसात उभ्या होत्या आणि चेहऱ्यावर अपार समाधान होतं. पट्टे कठड्यावर टाकलेले. एप्रिलचं ऊन, ते खरंच वाळत आले होते आणि असे खुलून दिसत होते की मला क्षणभर वाटलं, हा गालिचा पहिल्यापासून असाच असता तर मी त्याला शिव्या दिल्या नसत्या. पण फोम! फोमने टाकीतलं होतं नव्हतं तेवढं पाणी पिऊन टाकलं होतं. मी एक टोक उचलून पाहिलं. म्हशीला उठवायला जावं तसं झालं. ती जागची हलेना.

माझं डोकं सटकलं. "आई, उद्या मिस्त्री सिमेंट कशात कालवणार? थुंकीत?"

"वाळून जाते न बाप्पा. एवढं ऊन आहे."

"हा फोम आहे! हा दिवाळीपर्यंत वाळणार नाही!"

"मंग काय मळका देऊ? पोरं म्हणतील, नागपूरच्या आत्यानं घाण पाठवली."

खालून बाबांनी खोलीतून ओरडून विचारलं, काय झालं, आणि आम्ही दोघींनी एकाच सुरात सांगितलं, काही नाही.

भाचा आला. वाळलेले पट्टे डोळे विस्फारून घेऊन गेला आणि ओल्या फोमला त्याने हात जोडले. त्या फोमचं पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकते. तो बऱ्याच दिवसांनी वाळला. चांगला भाग कोपऱ्यावरच्या गादीवाल्याने उशांत भरायला नेला आणि कुजका भाग मी रोज थोडा थोडा कचऱ्याच्या गाडीत टाकला, गाडीवाल्याने सांगितलं होतं तसाच.

पण त्याआधी, भाचा येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची आहे. गच्चीतून अजून पाणी गळतच होतं आणि शेजारच्या काकांचं स्कूटरबद्दल दोनदा विचारून झालं होतं. मिस्त्रीला टाकी भरेपर्यंत थांबा म्हणून कळवलं. आईंनी ठरवलं की फोम मागच्या अंगणात नेऊन पसरायचा. मी नको म्हटलं. त्या ऐकणार होत्या थोड्याच. आम्ही एका तुकड्याची गुंडाळी केली, आई पुढे, मी मागे, आणि जिना उतरायला लागलो. आमचा जिना आतल्या आत थेट हॉलमध्ये उतरतो. वळणावर माझ्या हातातून ती ओली गुंडाळी निसटली. आई कशाबशा भिंतीला चिकटल्या आणि ओरडल्या, "अवं माय!" गुंडाळी पायऱ्यांवरून धपाधप आपटत खाली गेली. हॉलच्या जमिनीवर आदळली तेव्हा खिडकीची काच वाजली. आई पायरीवरच बसल्या. त्यांना काही लागलं नव्हतं, पण हसू फुटलं होतं, इतकं की तोंडातून आवाज निघेना. मलाही आवरेना. पदर तोंडात घालून आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो.

तेवढ्यात खालून आवाज आला. "पडली काय वं? कुठं लागलं?"

आवाज अगदी जवळून आला होता. मी वाकून बघितलं. बाबा जिन्याच्या पायथ्याशी उभे होते. एक हात कठड्यावर, लुंगी अर्धी सुटलेली, काठी नाही. पलंगापासून जिन्यापर्यंत सगळा हॉल मध्ये होता. उघडा, डिंकाच्या डागांचा, आणि त्यात पाण्याचं एक थारोळं. तो हॉल ओलांडून ते आले होते. चेहरा पांढराफटक, डोळे फक्त आईंना शोधत होते.

आईंचं हसू थांबलं. "मी कायले पडू? फोम पडला." मग त्यांच्याही लक्षात आलं. "अवो, तुम्ही कसे आले?"

बाबांनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आणि पाहिल्याबरोबर त्यांचा डावा गुडघा लटपटायला लागला. आम्ही धावत उतरलो. परत जायला त्यांना आम्हा दोघींचे खांदे लागले, वाटेत दोनदा थांबायला लागलं, घामाने बनियन भिजलं. येताना मात्र कुणीच नव्हतं. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पलंगावर बसवल्यावर आईंनी त्यांचा घाम पुसला. पुसता पुसता बोलणं सुरूच. "इतके दिवस ती पोरगी येऊन सांगून राहिली, चला, चला, तर नाही. आता काय, तुम्हाले चालवाले मी रोज पडू?"

श्वास जागेवर आला तेव्हा बाबा म्हणाले, "पडू नको. नुसता आवाज दे. येतो मी."

आई उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ नुसताच सोडल्याचा आवाज आला. मी आत गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी बाबांचा चहा खोलीत नेला नाही. कप ओट्यावर ठेवला, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हाक मारली, "अवो, चहा झाला." मी बाबांना धरायला पुढे होणार, तर त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

बाबा पोचले तेव्हा चहा पार निवला होता. उभ्यानेच प्यायले.